जोडीचा सुळा

२४ सप्टेंबर १९५६, सोमवार

आज हत्तीचं गिऱ्हाईक आलं! पितृपक्ष चालू, लग्न नाही, मुंज नाही, सकाळपासून स्टुडिओत कुणी फिरकलं नव्हतं. मी आपला जुन्या निगेटिव्हच्या काचा पुसत बसलो होतो. तेवढ्यात खाली मोटार थांबली आणि भगवंतराव उतरले. सिकंदराबादला राहतात. जंगल खात्यात मोठे साहेब होते, आता रिटायर. जिना चढताना धाप लागली, पण आवाज अजून साहेबाचाच.

"एकनाथराव, वाघाचे फोटो काढलेत कधी?"

"मेलेल्याचे काढलेत," मी म्हटलं.

हसले. त्यांच्या शिकारी मंडळाचं एक पुस्तक निघतंय. एक नोव्हेंबरला आपलं राज्य मोडणार – एक तुकडा आंध्रात, एक मुंबईत, एक म्हैसुरात. त्याआधी जुन्या हैदराबादेतल्या शिकारीची आठवण म्हणून हे पुस्तक. कुणाकडे वाघ आहे, कुणाकडे गवा. आणि हिमायतनगरच्या आबासाहेब देशमुखांकडे हत्तीचे सुळे. आबासाहेब म्हणतात, एकाच हत्तीची एवढी लांब जोडी सगळ्या हिंदुस्थानात दुसरी नाही.

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो, गप्पा आहेत. म्हणून तर तुमच्याकडे आलो."

त्यांना प्रत्येक फोटोच्या पाठीवर माझा शिक्का आणि सही पाहिजे – यात कसलाही फेरफार नाही म्हणून. फोटोवाले लबाडी करतात, म्हणाले. माणसाला चार पावलं मागं बसवायचं आणि शिकार पुढं ठेवायची, की मांजराचा वाघ होतो. मला काय सांगतात! बुटक्या नवऱ्याला मीच पुढं उभं करतो आणि उंच नवरीला मागच्या खुर्चीवर बसवतो. दोन्ही व्याही खूश.

पण शिक्का मारायचा म्हणजे चलाखी बंद. चालेल. हो म्हटलं. हत्तीला नाही कोण म्हणतं?

२८ सप्टेंबर

मोठा कॅमेरा, तिपाई, काचांची पेटी – सगळं रिक्षात घातल्यावर मला बसायला जागाच नाही. रिक्षावाला पेटीकडे बघून म्हणाला, "साब, ये डब्बा है के जनाजा?" सुलतान बाजारापासून हिमायतनगरपर्यंत मी रिक्षाच्या मागं पायी. ओळखीचे लोक बघून हसत होते. मीही हसलो.

आबासाहेब पंचाहत्तरीचे असतील. परभणीकडची देशमुखी, ती गेली. बंगल्याचा अर्धा भाग भाड्यानं दिलाय. पण माणूस कसा, तर दारात येऊन मिठीच मारली! "या फोटोवाले! माप घ्या, वजन घ्या, नाडी बघा!"

आणि ते सुळे. बैठकीत शिसवी घोडीवर समोरासमोर वाकलेले. कमानीखाली माणूस उभा राहील. रंग जुन्या तुपासारखा. हात लावला तर गार. मी एवढ्या वर्षांत राजे पाहिले, नवाब पाहिले, पण कॅमेऱ्यामागं उभं राहून आज प्रथमच फोटो काढायचं विसरून नुसता बघत राहिलो.

गोष्ट सांगितलीच त्यांनी. सांगितल्याशिवाय चहा मिळत नाही म्हणे. साल एकोणीसशे बारा. म्हैसूरकडचं जंगल, सासऱ्यांबरोबर मुक्काम. तिथला एक हत्ती माजलेला, गावात शिरून माणसं मारायचा, सरकारनं मारायला परवानगी दिलेली. आणि संध्याकाळी तो तंबूंवरच चालून आला. "एक गोळी! दुसरी भरायला वेळच नव्हता, एकनाथराव. इथं" – स्वतःच्या कपाळावर बोट – "आणि डोंगर बसावा तसा बसला."

त्यांच्या पत्नी चतुराबाई सुपारी कातरत ऐकत होत्या. त्यांना सगळे बाईसाहेब म्हणतात. किरकोळ, गोऱ्या, चष्मा लावणाऱ्या. गोष्ट संपल्यावर म्हणाल्या, "झाला मारून? आता चहा घ्या, गार होतोय."

मूलबाळ नाही त्यांना. पण घरात उदासपणाही नाही. दोघं एकमेकांवर सारखी कुरघोडी करतात आणि दोघांनाही हरायला आवडतं.

२९ सप्टेंबर

काचा उत्तम आल्या. एकीवर आबासाहेब डोळे मिटून.

३ ऑक्टोबर

भगवंतरावांनी फोटो भिंग लावून बघितले. समाधान नाही! "मधे एवढी कमान कशी बसवलीय ते कळत नाही. प्रत्येक सुळा वेगळा पाहिजे. खाली उतरवून, जमिनीवर, मापाची फीत लावून."

मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला किती त्रास द्यायचा?

तर म्हणाले, "खरं असेल तर कसला त्रास? मी पस्तीस वर्षं जंगलात काढली. रेस्ट हाउसात बसून वाघ मारणारे शंभर पाहिलेत. आता पुस्तकात छापायचं तर खोटं नाही छापणार." तेही काही चुकीचं बोलत नव्हते. तोंड कडू, पण माणूस सरळ.

संध्याकाळी दादा आला. माझे थोरले बंधू, मुकुंदराव. सचिवालयात आहेत. बदलीचा हुकूम हातात – औरंगाबाद. "तूही चल. आपला मुलूख, आपली भाषा. इथं पाटीसुद्धा तेलुगूत लागेल उद्या."

भामा आतून म्हणाली, "फोटोला कुठं भाषा असते, भावजी?"

दादानं हुकूम घडी करून खिशात घातला! नांदेडची बायको करावी ती यासाठी.

७ ऑक्टोबर

रविवार. सुळे उतरवायला बंगल्यावरचा खानसामा मस्तानभाई, माळी आणि मी. "हल्लू साब, हल्लू! पाँव पे गिरा तो हाथी दुसरी बार मारता!" अंगणात सतरंजी घातली. आधी उजवा, मग डावा. दोन्हींजवळ एकेक आकड्याचं कार्ड ठेवलं – एक, दोन. शेजारी फीत. आठ फुटांच्या वर गेले दोन्ही! आबासाहेबांनी टाळीच वाजवली. "सांगा त्या जंगलवाल्याला!"

बाईसाहेबांनी सीताफळं दिली, टोपलीभर. घरी येईपर्यंत मी तीन संपवली. बिया रस्त्यानं.

१४ ऑक्टोबर, दसरा

भामाला घेऊन सोनं द्यायला बंगल्यावर गेलो. जेवायलाच ठेवून घेतलं. बगारा बैंगन, ज्वारीची भाकरी आणि पुरणपोळी एका ताटात – हे फक्त हैदराबादेतल्या मराठी घरातच! भामा आणि बाईसाहेब आत गेल्या त्या बाहेर येईचनात. नुसतं हसणं ऐकू येत होतं. येताना भामा म्हणाली, "मला आई मिळाली." तिची आई लहानपणीच गेली. रिक्षात तिच्या हातात आपट्याची पानं होती.

आबासाहेबांनी मलाही एक विचारलं – "एकनाथराव, जाणार का तुम्ही पण औरंगाबादला?"

"ठरलं नाही."

"जाऊ नका. माझी गोष्ट ऐकायला माणूस राहिलं नाही या गावात."

१७ ऑक्टोबर

आज जे झालं ते नीट लिहितो.

दुपारी वेगवेगळ्या सुळ्यांच्या काचा छापायला घेतल्या. उजवा छापला. डावा छापताना घाईत काच उलटी बसली. कार्डावरचा आकडा उलटा आला तेव्हा लक्षात आलं. कागद वाया गेला म्हणून स्वतःला शिवी दिली आणि टाकणार, तेवढ्यात दोन्ही फोटो शेजारी पडले.

उजवा हात आरशात डावा दिसतो आणि डावा उजवा दिसतो. हत्तीच्या सुळ्यांचंही तेच. नुसते वाकलेले नसतात, पिळलेलेही असतात – एक इकडे, एक तिकडे. म्हणजे डावा सुळा उलटा छापला तर तो उजव्यासारखा दिसायला पाहिजे.

नाही दिसला! पीळ भलतीकडेच.

मग तीच काच सरळ बसवून छापली. आणि तो हुबेहूब उजव्यासारखा! तोच पीळ, तोच कल. उजव्या पायाचे दोन जोडे शेजारी ठेवावेत तसे.

दोन्ही उजवे! एका हत्तीला दोन उजवे सुळे असणार कसे? ही जोडी नाहीच. घोडीवर फिरवून बसवलेत, म्हणून बैठकीत कळत नाही.

हात पुसून खुर्चीवर बसलो. खाली बाजार चालू होता, बांगडीवाले ओरडत होते. माझा चहा गार झाला.

१८ ऑक्टोबर

पुन्हा छापले. तेच.

१९ ऑक्टोबर

भगवंतरावांचा माणूस येऊन गेला. फोटो झाले का? नाही, म्हटलं. रसायन संपलंय. रसायन भरपूर आहे.

शिक्का मारला तर मी खोटा. तसं शिक्क्यात काही खोटं नाही – फोटोत फेरफार नाहीच! फेरफार बैठकीतच आहे. पण भगवंतराव ज्या कामासाठी शिक्का मागतात ते मला ठाऊक आहे. आणि नाही मारला, तर तो म्हातारा सगळ्या गावात उघडा पडणार. ज्याच्या घरी दसऱ्याला जेवलो तो!

२० ऑक्टोबर

भामाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

"अहो, हे तुम्हाला दिसलं तसं भगवंतरावांना दिसेल?"

"आज ना उद्या. ते भिंग लावून बसतात."

"मग आधी आबासाहेबांकडे जा. परक्यानं चारचौघांत सांगण्यापेक्षा घरच्यानं एकटं गाठून सांगितलेलं बरं."

घरच्यानं, म्हणाली. उद्या जातो.

२१ ऑक्टोबर, रविवार

गेलो. बाईसाहेब देवळात गेल्या होत्या, बरंच झालं. आबासाहेब मागच्या व्हरांड्यात कुंड्यांना पाणी घालत होते. मी काहीच न बोलता दोन्ही फोटो कठड्यावर मांडले. सरळ, शेजारी शेजारी.

त्यांनी एकेक उचलून बघितला. झारी खाली ठेवली. मला वाटलं, रागावतील. किंवा रडतील. तर म्हणाले, "चव्वेचाळीस वर्षं! किती साहेब येऊन गेले, किती शिकारी. कुणाला दिसलं नाही. शाबास."

"आबासाहेब, मग हत्ती…"

"हत्ती खरा. उजवा सुळा त्याचाच. दुसरा मद्रासच्या एका व्यापाऱ्याकडचा. त्या मापाचा तेवढाच होता त्याच्याकडे. उजवा की डावा, कोण बघतंय म्हटलं."

"पण का? एक होता तोही केवढा मोठा! त्या हत्तीचा दुसरा कुठं गेला?"

ते खुर्चीत बसले. मलाही बसवलं.

"दुसरा नव्हताच. जन्मापासून नव्हता. तो एकदंत होता, एकनाथराव."

एकदंत! आपण रोज ज्याचं नाव घेऊन कामाला लागतो, तसा हत्ती!

"संध्याकाळचा अंधार होता. तो अंगावर आलेला. दात कोण मोजतो? सकाळी जाऊन बघितलं तेव्हा कळलं. सासऱ्यांना आणि मला, दोघांनाच. त्यांनी तिथंच मातीत डोकं टेकलं." त्यांनी पायाजवळची झारी बाजूला सरकवली. "मग मी मद्रासला गेलो. घरी परत आलो ते जोडी घेऊनच. जोडी आणायची तर मिरवलीही पाहिजे ना? न मिरवता ठेवली तर लोक विचारतात. मिरवली की कुणी विचारत नाही."

"आता भगवंतराव विचारतील."

"ते बघतो मी. तुम्हाला खोटी सही करायला लावणार नाही." मग माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात अजून जोर आहे. "फक्त एकच. हा एकदंताचा शब्द या घरात निघता कामा नये. नोकरांपुढे नाही, आणि आमच्या बाईसाहेबांपुढे तर मुळीच नाही. वचन द्या."

दिलं. देवभोळ्या बायकोला नवऱ्याचं पाप कळू नये, एवढंच. कुणाही नवऱ्याला वाटेल. भामालाही सांगितलं नाही. आबासाहेब बघून घेतो म्हणाले, एवढंच सांगितलं. ती खोदून विचारत नाही, हे तिचं मोठेपण.

२८ ऑक्टोबर, रविवार

भगवंतराव बंगल्यावर आले, मंडळाची आणखी चार माणसं घेऊन. बरोबर फीत, वजनकाटा, भिंग, सगळा सरंजाम! मीही होतो. फोटो पाकिटात, शिक्का न मारलेले. बाईसाहेब आतल्या दारात पडद्याजवळ. भगवंतराव फीत उलगडायला लागले तेवढ्यात आबासाहेब म्हणाले, "राहू द्या. मोजायची गरज नाही."

"का बरं?"

"तुमचा शक खरा आहे. मी हत्ती मारला नाही. दोन्ही सुळे विकत घेतलेले. तरुणपणी मिरवायची हौस, दुसरं काय!"

दोन्ही! मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. एक खरा आहे म्हणाले असते तर कुणीतरी विचारलंच असतं – त्या हत्तीचा दुसरा कुठं आहे? म्हणून सगळंच सोडून दिलं. सगळी गोष्ट, तंबू, संध्याकाळ, कपाळावरचं बोट – एका वाक्यात!

एक जण रुमालात हसला. भगवंतराव मात्र हसले नाहीत. फीत गुंडाळून खिशात ठेवली. जिंकलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. "आबासाहेब, तीस वर्षं मी ही गोष्ट ऐकली. खोटी ठरावी असं मलाही वाटत नव्हतं."

"मग चहा घ्या," आबासाहेब म्हणाले. "चहा खरा आहे."

पडद्याकडे बघितलं तर बाईसाहेब आत गेल्या होत्या.

३० ऑक्टोबर

बाजारभर झालं. कापडवाला म्हणतो, "आबासाहब का हाथी तो दुकान का निकला!" न्हाव्याकडे तेच. मी दाढी अर्धी सोडून उठणार होतो. वचन दिलेलं, नाहीतर खरं सांगून टाकलं असतं. संध्याकाळी बंगल्यावर गेलो, धीर द्यायला म्हणून. आबासाहेब सीताफळ खात बसले होते. मजेत! "या एकनाथराव. आता नवी गोष्ट रचायला पाहिजे. तुमच्या ओळखीत कुणी मगर विकतो का?"

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

१ नोव्हेंबर, नरकचतुर्दशी

अभ्यंगस्नान झालं, फराळ झाला, आणि राज्यही बदललं. सकाळी उठलो तेव्हा सगळं तसंच. तोच दूधवाला, तीच गल्ली, तोच नळाचा फसफसाट. दादाला नामपल्ली स्टेशनवर पोचवलं. रडला. मलाही भरून आलं. खिडकीतून म्हणाला, "ठरव रे."

ठरवलंय. आम्ही राहणार. भामाला सांगितलं तर म्हणाली, "मला कधीच ठाऊक होतं. तुम्हालाच उशिरा कळतं." संध्याकाळी तिनं दारात पणत्या लावल्या आणि शेजारच्या अम्मांनीही आमच्या पायरीवर दोन आणून ठेवल्या. सुखात आहोत. लिहून ठेवावं असं वाटलं.

३ नोव्हेंबर, पाडवा

भामानं ओवाळलं. नवं धोतर आखूड. तसंच नेसलो.

६ नोव्हेंबर

बाईसाहेब एकट्या आल्या. स्टुडिओत प्रथमच. उजव्या सुळ्याचा एक फोटो पाहिजे म्हणाल्या, डाव्याचा नको. मी काढलेले फोटो पुन्हा पाकिटात सरकवले.

"घाबरू नका. जोडी नाही ते मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या गाडीत चढताना मी त्या हत्तीला बघितलं होतं. एकदंत."

मग अगदी सहज, सुपारी कातरतात तसं, बोलल्या. "हे त्या दिवशी तापानं खाटेवर होते. बंदूक मी उचलली. माझ्या वडिलांनी मला शिकवलं होतं. गोळी माझी, एकनाथराव. पोटात आमचं पहिलं होतं, ते महिन्यानं गेलं. पुन्हा राहिलं नाही. मी हत्तीशी त्याचा संबंध लावीन, जन्मभर झुरेन, म्हणून हे दुसरा सुळा घेऊन आले आणि मारल्याचंही स्वतःच्या अंगावर घेतलं. मी कधी लावला नाही हो संबंध. आणि परवा त्यांनी माझ्यासाठी स्वतःला चारचौघांत खोटं म्हणवून घेतलं."

फोटो पदराखाली घेतला. जिन्यापाशी वळल्या.

"मला कळलंय हे त्यांना सांगू नका. फार जपलंय त्यांनी मला."